हळदीच्या दिवशीचं कुलूप

१

मृणालीच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नव्हतं.

लग्न होऊन ती उरणला गेली आणि महिन्याभरानं तिचं पत्र आलं. फोनवर बोलायला घेतलं की सासरची माणसं ऐकत बसतात, म्हणून पत्र लिहिते, असं तिनं सुरुवातीलाच म्हटलं होतं. पुढे लिहिलं होतं : ‘पंतकाका, आजी माझ्या हळदीला आली नाही. सगळे म्हणतात, ती रुसून गच्चीवर जाऊन बसली. आदल्या दिवशी मीच तिला म्हणाले होते, आजी, आता धवल्यांची लग्नगाणी कुणी ऐकत नाही, आपण डीजे सांगितलाय. ती काही बोलली नाही. ती माझ्यामुळे गेली का? तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारते.’

मी खोटं बोलत नाही हे खरं आहे. त्याचं कारण एवढंच की मी फारसं बोलतच नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात मी जन्म काढला. तिथे गप्प बसण्याचाच पगार मिळत असे. मृणाली शाळेत असल्यापासून माझ्याकडे पुस्तकं न्यायला यायची. राहीबाई तिला सोडायला येई आणि दारातूनच विचारी, “पुस्तकवालं, पोरीला काय चांगला देताय का न्हाय?”

राहीबाई मृणालीची चुलत आजी. पण मृणालीची आई लवकर गेली आणि वाढवलं ते राहीबाईनंच. वळ गावात गोदामांची रांग संपते तिथे आमची इमारत आहे, ‘मृणाली रेसिडेन्सी’. मृणालीच्या वडिलांनी, केसरीनाथनं, ती भाताच्या खाचरावर आणि या चुलतीच्या अंगणावर बांधली आणि मुलीचं नाव दिलं. अंगणाच्या बदल्यात राहीबाईला तळमजल्यावर एक खोली मिळाली. पूर्वी ती अंगणात बोंबील वाळवायची. आता गच्चीवर वाळवायची, आणि सोसायटीच्या प्रत्येक सभेत त्यावरून भांडण व्हायचं.

हळद शनिवारी झाली, लग्न रविवारी. सोमवारी सकाळी नळाला पाणी येईना, म्हणून गच्चीवरची टाकी बघायची होती. गच्चीखालच्या शेवटच्या मजल्यावरच्या सुमतीताईंनी, त्या सोसायटीच्या सेक्रेटरी, वॉचमन मनोजला हाक मारली आणि साक्षीला म्हणून मलाही. मनोजनं जिन्याच्या बाजूचं कुलूप काढलं आणि गच्चीचं दार ढकललं. ते उघडेना. त्यानं खांदा लावला. पलीकडे काहीतरी जड सरकलं.

दाराला लागून राहीबाई पडली होती. शेजारी बोंबलांची टोपली, वर फडकं घट्ट बांधलेलं. अंगाखालून मुंग्यांची रांग चालली होती. सुमतीताई ओरडल्या, मी कठडा धरला. मनोज तेवढा भानावर होता. त्यानं आपला शर्ट काढून तिच्या तोंडावर टाकला.

कुलूप जिन्याच्या बाजूनं होतं. तिला कुणीतरी आत कोंडलं होतं.

२

डॉक्टरांनी सांगितलं, उन्हानं गेली. शनिवारी की रविवारी, ते मे महिन्याच्या उन्हात पडलेल्या देहावरून नक्की सांगता येत नाही. बाकी सगळ्यांना सगळं नक्की ठाऊक होतं. रुसलेली म्हातारी वर जाऊन बसली, आणि मनोजनं न बघता संध्याकाळी कुलूप ठोकलं. त्याला पोलिसांनी नेलं. जामिनावर सुटून आला तेव्हा कमिटीनं त्याला जिन्याखालची खोली रिकामी करायला सांगितली.

त्याची बायको माझ्याकडे आली. मुदत वाढवून मागायचा अर्ज लिहून हवा होता. अर्ज लिहिता येतो, बोलता येत नाही, अशी माझी ख्याती असावी. मी कागद घेऊन खाली गेलो. मनोज स्टोव्ह पोत्यात बांधत होता. पॉवरलूम बंद पडला तेव्हा तो भिवंडीतून इथे आला होता; पोतं बांधायची त्याला सवय होती.

“अर्जात काय लिहू?” मी विचारलं.

“काका, लिहा की ताला मैंने नहीं लगाया.”

“मग कुणी लावलं?”

“शनिवारी सकाळी लायटिंगवाल्यासाठी दार उघडलं मी. कुलूप कडीला लटकवून ठेवलं. मग केसरीशेठ बोलले, पाहुण्यांच्या गाड्या बघ. दिवसभर गेटवर होतो. शाम को ऊपर गया, तो ताला लगा हुआ था.”

“चावी तुझ्याकडेच होती ना?”

“लावायला चावी लागतेच कुठं? दाबलं की बसतं ते. कोणी पण दाबेल.”

“आत कुणी आहे का म्हणून हाक तरी मारायचीस.”

“डीजे चालू था काका. मला माझाच आवाज येत नव्हता. आणि मला वाटलं, सेक्रेटरी मॅडमनी लावलं असंल. त्याच बोलल्या होत्या ना, म्हातारीला एक दिवस कोंडून ठेवते म्हणून?”

बोलल्या होत्या. भर सभेत. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

३

सुमतीताईंचं दार वाजवायचं म्हणून मी दोनदा जिना चढलो आणि दोनदा खाली आलो. माझ्यासारख्या माणसानं कुणाला काय विचारायचं? पण तिसऱ्यांदा त्यांनीच दार उघडलं.

“किती वेळा वर-खाली करताय, दत्तोपंत? गुडघे स्वस्त झालेत का? आत या.”

चहा ठेवता ठेवता त्याच म्हणाल्या, “मला ठाऊक आहे तुम्ही कशाला आलात. बोलले मी तसं. सगळ्यांच्या देखत बोलले. वासानं जेवण जात नव्हतं हो! पण म्हणून कुणी खरंच कोंडतं का?”

“तसं नाही...”

“तसंच आहे. शनिवारी दुपारी मी कशेळीला होते, भाचीच्या बारशाला. दिवे लागल्यावर आले. तुम्हाला पेढा आणून दिला, तो काय गोदामातून आणला?”

पेढा मला आठवत होता. तोवर कुलूप लागलेलं होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी चहात साखर नाही हेही बोललो नाही.

“रात्र कशी काढली, माझं मला ठाऊक,” त्या म्हणाल्या. “कानात कापूस घालून बसले होते. मंडप खाली, आणि धाडधाड माझ्या छतावर! फळीवरची भांडी वाजत होती. शेवटी देवापुढे बसून राहिले.” मग आवाज खाली गेला. “मी केसरीनाथना विचारलंसुद्धा, की राहीबाई दिसत नाही, हळद तिच्याशिवाय कशी? म्हणाले, काकी रुसली, शेलार गावी आपल्या भाचीकडे गेली.”

“कधी विचारलंत?”

“आल्या आल्या. मंडपातच.”

शेलारच्या त्या भाचीला मी ओळखत होतो. शनिवारी रात्री ती आमच्या मंडपात डीजेपुढे नाचत होती. मी गॅलरीतून बघितलं होतं. हिरवी साडी होती तिची. राहीबाई तिच्याकडे गेली असती, तर तिला घरात एकटी सोडून ती इथे नाचायला आली असती का?

खाली येऊन मी दोघाचौघांना विचारलं. शेलारची गोष्ट सगळ्यांनी ऐकली होती, आणि ज्यानं त्यानं ती केसरीनाथच्याच तोंडून ऐकली होती. म्हातारी कुठे आहे हे त्याला माहीत नसेल, तर तो म्हणाला असता, बघतो. त्यानं पत्ता सांगितला होता.

तिला कुणी शोधू नये, असं त्याला वाटत होतं.

४

केसरीनाथच्या धाकट्या भावाचं, विशालचं, नाक्यावर रेती-सिमेंटचं दुकान आहे. काकीबद्दल विचारायला मी तिथे गेलो, पण त्याचं दुखणं वेगळंच निघालं.

“या पंत. बसा त्या गोणीवर, फुटत न्हाय ती. काकीचं काय विचारताय, मलाच कुठं कोन विचारतंय त्या घरात?”

“का, काय झालं?”

“भावाला बायको न्हाय, म्हून कन्यादान मी आन् माझी बायको करनार, असं ठरलं होतं. बायकोनं उपास धरला होता. ऐन टायमाला भाऊ बोलला, मितेश करंल.”

मितेश म्हणजे मृणालीचा मामा, केसरीनाथचा मेहुणा.

“कारण काय सांगितलं?”

“कारन? हां! बोलला, मामाचा मान. शनिवारी संध्याकाळी गावदेवीला नारळ फोडायचा, तर याच्या हाताला पट्टी. कापलंय बोलला. मी बाजूला उभा, सख्खा भाऊ. नारळ दिला मितेशच्या हातात! पोरीला हळद लावली न्हाय यानं, दुरून बघत बसला. आनि मी हळदीची वाटी उचलली, तर बोलला, तू राहू दे, मितेशला लावू दे पयली. सांगा पंत, माझा काय गुन्हा?”

“हाताला काय कापलं होतं?”

“काय म्हाईत! सोमवारी पट्टी न्हाय आन् जखम पन न्हाय.”

मी घरी आलो. पुस्तक उघडून बसलो, पण एकच पान वाचत होतो. हात दुखत असता, तर नारळ सख्ख्या भावाच्या हाती गेला असता. भावावर राग असता, तर त्याला मंडपातच बोलावलं नसतं. केसरीनाथनं स्वतःला आणि भावाला, दोघांनाही देवापासून दूर ठेवलं होतं, आणि प्रत्येक वेळी पुढे केलं ते एकाच माणसाला. मितेशमध्ये असं काय होतं जे विशालमध्ये नव्हतं?

तेव्हा मला शनिवारची दुपार आठवली. मी गॅलरीत वाचत होतो. खाली पार्किंगमध्ये केसरीनाथ गाड्या धुवायचा पाइप डोक्यावर धरून उभा होता. शर्ट-पँट अंगावर, फक्त फोन आणि पाकीट कट्ट्यावर काढून ठेवलेलं. डीजेची पोरं हसत होती. “लय गरम होतंय रं,” असं तो म्हणाला. मीही हसलो असेन.

माझे वडील असे न्हाणीघरात जायचे, अंगावरच्या कपड्यांसकट. भाऊबंदांपैकी कुणी गेल्याची तार आली की.

मितेश भाऊबंद नव्हता. त्याला सुतक नव्हतं.

५

केसरीनाथ त्याच्या ऑफिसात होता. मागे आणखी एका इमारतीचं रंगीत चित्र, हिरवळ, कारंजं, गोरी मुलं. मी चष्मा काढून पुसत बसलो.

“बोला पंत. लायब्ररीला जागा पायजे का? क्लबहाउसमंदी देतो.”

“शनिवारी दुपारी तुम्ही कपड्यांसकट अंघोळ केलीत.”

तो हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.

“तुम्हाला सुतक लागलं होतं,” मी म्हणालो. “विशाललाही, पण त्याला ते ठाऊक नव्हतं. म्हणून नारळ मितेशनं फोडला, हळद त्यानं लावली, कन्यादान त्यानं केलं. राहीबाई गेल्याचं तुम्हाला शनिवारीच कळलं होतं.”

तो टेबलावरची काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती.

“मी मारलं न्हाय तिला,” तो म्हणाला.

“मला ठाऊक आहे.”

“लायटीची माळ कुठं अडकली बघाया वर गेलो. काकी पडलेली. हाक मारली, हलवली, नाकाशी हात धरला. काय न्हाय. खाली मंडप भरलेला, चूल पेटलेली, उरणची मानसं निघालेली. सांगितलं असतं तर लगीन मोडलं असतं. पुढं आषाढ. आनि सासरकडची म्हातारी बोलली असती, पोरगी अपशकुनी. गेलेलं मानूस दोन दिवसांनी गेलं काय, काय फरक पडतो? म्हून कुलूप दाबलं. देवाला हात लावला न्हाय मी, पंत. तेवढं पाळलं.”

मला त्याची कीव आली, आणि मनात थोडा आनंदही झाला, हे सांगायला लाज वाटते. माझा तर्क बरोबर आला होता. कुलपानं कुणी मेलं नव्हतं. मनोज सुटणार होता. मृणालीलाही लिहिता आलं असतं, की आजी रुसली नव्हती, तू नाचलीस तेव्हा ती या जगातच नव्हती.

“पोलिसांना एवढंच सांगा,” मी म्हणालो. “ती दाराशी पडली होती, तुम्ही दार ढकललंत तेव्हाच...”

“दार कशाला ढकलू? दार सताड उघडं व्हतं.”

“मग ती दाराशी...”

“दाराशी न्हाय. तिकडं, टाकीच्या सावलीला. बोंबील पसरले व्हते सगळे, मी त्यांच्यावरनंच चालत गेलो. कुरकुर वाजली पायाखाली.”

मी उठलो. का उठलो ते कळलं नाही, म्हणून परत बसलो.

सोमवारी सकाळी, मृतदेह खाली आणल्यावर केसरीनाथ आला होता. ती कुठे पडली होती हे त्यानं पाहिलंच नव्हतं. आणि विचारणार तरी कसं? ते ठिकाण आपल्याला माहीत आहे, असं तो धरून चालला होता.

“काय झालं पंत?”

न बोलण्याची माझी आयुष्यभराची सवय. त्या दिवशी ती कामाला आली असती, तर त्याच्यावर उपकार झाले असते. पण तो वाट बघत होता.

“आम्हाला ती दाराशी सापडली,” मी म्हणालो. “दार उघडत नव्हतं तिच्यामुळे. आणि बोंबील टोपलीत भरलेले होते. वर फडकं बांधलेलं होतं. दव पडायच्या आत भरतात तसे.”

आधी काही समजलं नाही त्याला. मग समजलं.

“सुमतीताईंना रात्रभर छतावर धाडधाड ऐकू येत होतं,” मी म्हणालो. “त्यांना वाटलं डीजे.”

केसरीनाथ खुर्चीतून घसरून खाली फरशीवर बसला, लहान मूल बसतं तसा.

“विशाल बोलला व्हता, आवाज कमी कर, म्हातारी मानसं हायत,” तो म्हणाला. “मी बोललो, वाढव. मना कायच ऐकाया नको व्हतं.”

मग त्यानं माझ्या धोतराचा सोगा धरला. “मनोजचं बघतो मी. दोन दिवस द्या. पन पोरीला हे सांगू नका, पंत. तुमच्या पाया पडतो.”

६

दोन दिवस गेले, मग पंधरवडा गेला. केसरीनाथ पोलिसांकडे गेला नाही. ऑफिसला कुलूप होतं. शेठ देवदर्शनाला गेलेत, असं शेजारचा पानवाला म्हणाला.

मीच चौकीत गेलो. साहेब तरुण होते, सभ्य होते. माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं.

“काका, नारळ कुणी फोडला आणि अंघोळ कुणी केली, याचा पुरावा होत नाही. सुतक कोर्टात चालत नाही. ते तुमच्यापाशी जे बोलले, ते इथे येऊन बोलतील का?”

“नाही बोलणार.”

“मग दुसरं कुणी आहे, ज्याचं ते ऐकतील?”

होतं. एकच माणूस होतं.

परत आलो तेव्हा मनोजचा टेम्पो भरून निघत होता. माझ्या अर्जावर कमिटीनं मुदत दिली नव्हती. सुमतीताई गॅलरीत उभ्या होत्या. त्यांना छतावरच्या आवाजाचं मी काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. मनोजच्या बायकोनं मला नमस्कार केला, जणू माझ्यामुळे काही झालं होतं.

“कुठे जाणार?” मी मनोजला विचारलं.

“देखते हैं. ज्याच्यावर केस हाय त्याला वॉचमन कोण ठेवणार, काका?”

त्या रात्री आणि पुढच्या सकाळी मी मृणालीला लिहीत होतो. आधी एक पत्र लिहिलं, त्यात आजी दुपारीच गेली होती. ते सुरेख उतरलं. ते वाचून मुलगी रडली असती आणि मग तिला झोप लागली असती. पण ते वाचून तिनं वडिलांना काही विचारलं नसतं. म्हाताऱ्या माणसाला मरण आलं आणि बापानं लग्न सांभाळलं, एवढंच. उलट त्याची माया वाटली असती तिला. आणि मनोज कुठल्या तरी नाक्यावर पोतं उशाला घेऊन बसला असता.

शिवाय तिनं जे विचारलं होतं, त्याचं उत्तर त्या पत्रात नव्हतं. आजी रुसली होती का? रुसलेलं माणूस दार वाजवत नाही. राहीबाई शुद्धीवर आली, तिनं बोंबील भरले, आणि ती रात्रभर दार ठोकत होती. तिला खाली यायचं होतं. ती रुसली नव्हती, हे एवढ्यावरूनच म्हणता येतं. आणि एवढं सांगितलं, की मुलीचा बाप उरत नाही.

दुसरं पत्र मी सरळ लिहिलं. कुलूप कुणी दाबलं ते लिहिलं. त्याची समजण्यात चूक झाली, मुद्दाम नाही, हेही लिहिलं. दार, टोपली, छतावरचा आवाज, सगळं लिहिलं. मनोजचं लिहिलं. शेवटी लिहिलं : ‘तुझे वडील दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत. तू त्यांना बोलायला लाव, किंवा लावू नकोस. हे ओझं तुझ्यावर टाकण्याचा मला अधिकार आहे की नाही, मला कळत नाही. मी चुकत असेन.’

पोस्टात गेलो. पाकिटावर तिकीट लावलं, पत्ता पुन्हा वाचला आणि पेटीपाशी उभा राहिलो. पाकीट फटीत अर्धं गेलं होतं, अर्धं माझ्या हातात होतं. मागे एक बाई कडेवर मूल घेऊन थांबली होती.

“आजोबा, टाकताय ना?”

“हो,” मी म्हणालो, आणि सोडलं.